फाटकाबाहेरचं

बायकोनं फोन डोळ्यांसमोर धरला तेव्हा फौजदारांच्या मनात सगळ्यांत आधी आलं ते हे, की गडी उभा झकास राहिलाय. टाचा जुळलेल्या, डावा हात पाठीमागे, उजव्या हातातला फोन कानाला, मान ताठ, नजर समोर. फाटकापासून इतका आत, की बाहेरून कुणी हात घातला तर पोचू नये. रक्षकांच्या वर्गात हेच सांगून सांगून त्यांच्या तोंडाला फेस यायचा आणि तरी निम्मे लोक खांबाला टेकलेल्या शिडीसारखे उभे राहायचे. या गड्याला ते भर गडबडीत जमलं होतं. फौजदारांनी चष्मा वर सरकवला. आणि मग त्यांना दिसलं, की फाटकाच्या गजांतून खरंच एक हात आत आला आहे. पार कोपरापर्यंत. तो हात हवेत काहीतरी चाचपत होता, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा. गजांच्या पलीकडे दोघंजण त्या हाताच्या मालकाला मारत होते. एकाच्या हातात लोखंडी पाइप होता. समोरच्या इमारतीच्या कुठल्यातरी खिडकीतून कुणीतरी हे टिपलं होतं. चित्र मधूनमधून हलत होतं, पण गडी हलत नव्हता.

"आवाज लावते," बायको म्हणाली.

"नको," असं ते म्हणेपर्यंत तिनं लावला होता. आधी टिपणाऱ्याचा श्वास ऐकू आला, मग गाड्यांचे हॉर्न, आणि मग खालून, "दादा, उघड. दादा, मी आहे ना. अरे, मी आहे." आणि त्याच्यावर, बँकेतल्या बाईनं आकडे वाचून दाखवावेत तशा सरळ आवाजात, "मुख्य रस्ता. शाळेच्या मैदानाला लागून. निळं फाटक. हो, मारताहेत. अजून मारताहेत. परत सांगतो, मुख्य रस्ता, शाळेच्या मैदानाला लागून..." पत्ता दोनदा. 'पोलिसांना पत्ता दोनदा सांगायचा, पहिल्यांदा ते ऐकत नाहीत,' हा फौजदारांचा वर्गातला ठरलेला विनोद. यावर हमखास हशा यायचा. गजांतला हात खाली घसरला आणि चित्र संपलं. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. पगारी बुजगावणं. षंढ. एकानं नुसत्या बांगड्या पाठवल्या होत्या, चित्रातल्या.

"तो इस्त्रीवाला होता म्हणे," बायको म्हणाली. "त्याच इमारतींतले कपडे न्यायचा. गाडी आडवी लावली म्हणून कुणाशी तरी बाचाबाची झाली, ते मागे लागले, तर हा पळत फाटकाशी आला. गेला तो, हॉस्पिटलात नेईपर्यंत." मग थोड्या वेळानं, "हा तुमच्याकडचाच का हो?"

"असेल. शेकड्यांनी येतात, शेकड्यांनी जातात. चेहरे कुठे लक्षात राहतात?"

पण त्यांनी त्याला टाचांवरूनच ओळखलं होतं. तो लंबू होता, वर्गात त्याला सगळे हेच म्हणत. पूर्वी कापडाच्या दुकानात ठाणं उलगडून दाखवायचा. दुकान बंद पडलं आणि चाळिशी उलटल्यावर हा उंचीच्या भांडवलावर सुरक्षारक्षक झाला. वर्गात मागच्या रांगेत बसायचा, कारण पुढे बसला तर मागच्यांना फळा दिसायचा नाही, आणि हे कुणी सांगायच्या आधीच त्याला कळलेलं होतं. शर्टाच्या बाह्या दुमडायच्या तर कापडाची घडी मोडू नये अशा बेतानं दुमडायचा. "तू दारात नुसता उभा राहिलास तरी चोर लिफ्टनं येईल," असं फौजदार त्याला म्हणाले होते, आणि तो हसला होता, पण विनोद कळल्यामुळे नाही, सर आपल्याशी बोलले म्हणून.

त्या दिवशी फौजदारांनी दाढी केली नाही. खुर्चीत बसून ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. त्या भिंतीवर त्यांचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो होता, टोपीसकट. त्यातला माणूस त्यांना हल्ली आपला धाकटा आणि जरासा उद्धट भाऊ वाटायचा. निवृत्तीनंतर कपाळावरचा टोपीचा वळ जायला बरेच महिने लागले, आणि तो गेला त्याच सुमारास, कसं कोण जाणे, गल्लीला सगळं कळलं. भाजीवाली वजन करताना काट्याकडे बघेनाशी झाली. बसमध्ये लोक पाय आखडून घेईनासे झाले. कुणी वाईट वागलं नाही, उणादुणा शब्द बोललं नाही, नुसत्या नजरा त्यांच्यावरून पाणी ओघळावं तशा ओघळून जायला लागल्या. आधी ते रस्त्यानं चालले की पुढची वाट आपोआप रुंद व्हायची. आता चालायला रस्ता तेवढाच होता, पण खांदे लागायचे. बायकोला हे सांगावं असं त्यांना एकदा वाटलं होतं. तिनं जन्मभर लोकांचे खांदे खाल्ले होते, तिला त्यात काय कळणार, म्हणून राहिलं. मग एका सिक्युरिटी कंपनीच्या मॅनेजरचा निरोप आला. नव्या रक्षकांना शिकवायला पोलिसातला माणूस हवा होता. पहिल्याच दिवशी ते वर्गात शिरले आणि बाकांवरची सगळी माणसं धडाधड उभी राहिली. फौजदारांना छातीत काहीतरी उबदार झाल्यासारखं वाटलं. थंडीत कुणी पाठीवर घोंगडी टाकावी तसं.

त्या उबेची परतफेड म्हणून की काय, ते त्या माणसांचा रोज अपमान करत. पहिला तास ठरलेला. "तुम्ही कोण?" ते विचारायचे. कुणीतरी भाबडेपणानं म्हणायचा, "सिक्युरिटी, सर." "सिक्युरिटी म्हणजे कोण? पोलिसाला बघून चोर पळतो. तुम्हाला बघून चोर पत्ता विचारतो." हशा. "पोलिसाचा पट्टा सरकारनं दिलेला असतो, तुमचा पगारातून कापलेला असतो. पोलीस कुणाच्याही दारात जाऊ शकतो, तुम्ही फक्त एका दारात उभे राहू शकता, आणि त्या दारातसुद्धा खुर्चीवर बसायची परवानगी नाही. पिशवी उघडा म्हणून विनंती करायची, पिशवीत हात घालायचा नाही. चोर सापडला तर बसवून ठेवायचा, पाणी विचारायचं, पोलिसांना बोलवायचं. अंगाला हात लावायचा नाही. हातातली काठी मिरवायची, चालवायची नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, फाटकाच्या आतलं आपलं, फाटकाबाहेरचं आपलं नाही. म्हणा." आणि वर्ग एका सुरात म्हणायचा, "फाटकाबाहेरचं आपलं नाही." लहान मुलांनी पाढे म्हणावेत तसं. काहीजण तर डोळे मिटून.

सुरुवातीला ते आणखीही एक गोष्ट शिकवत. तासाच्या शेवटी, घसा साफ करून सांगत, की हे सगळं खरं, पण एक लक्षात ठेवा, समोर कुणाचा जीव जात असेल तर त्याला वाचवायला हात उचलायची मुभा कायद्यानं प्रत्येकाला दिलेली आहे. त्यासाठी पोलीस असावं लागत नाही. एकदा मॅनेजर वर्गाच्या मागे येऊन बसला होता. तास संपल्यावर त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, ते शेवटचं तेवढं नका सांगत जाऊ. उद्या एखादा हिरो बनायला जायचा, कुणाचं डोकं फुटायचं, आणि कोर्टात कोण उभं राहणार? मी. जखमी झाला तर दवाखाना कुणी करायचा? मीच. यांना काय सांगायचं, तर उभं राहा आणि फोन करा. बास." फौजदारांना ते पटलं. पटलं असंच त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्यांना बरं वाटलं होतं. तो शेवटचा भाग सांगताना नेहमी जीभ जराशी अडखळायची, कारण त्या एका वाक्यापुरती बाकांवरची माणसं आणि ते स्वतः एका मापाचे होऊन जात. पाटीवरची ओळ पुसावी तसं ते वाक्य गेलं आणि तास सुटसुटीत झाला.

भिंतीकडे बघता बघता त्यांना आणखीही कायकाय आठवत होतं, ज्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. नोकरीत असताना उन्हातान्हात गस्त घालताना ते एखाद्या इमारतीपाशी थांबत आणि म्हणत, "ए वॉचमन, पाणी." पाणी यायचं. खुर्ची असेल तर तीही यायची, फडक्यानं पुसून. त्यावर ते निवांत बसत, आणि वॉचमन उभा राही. ते किती वेळ बसत याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. आता त्यांनी आठवून बघितलं, की त्या सगळ्या वॉचमनांपैकी एकाचा तरी चेहरा डोळ्यांपुढे येतो का. पाण्याचे पेले आले. स्टीलचे, प्लास्टिकचे, एक कान तुटलेला कप आला, त्याच्या कडेला लागलेला साबणाचा वास आला. पेला धरलेल्या हाताच्या वर काही नव्हतं.

लंबू पाच-सहा दिवसांनी दुपारी घरी आला. दार बायकोनं उघडलं. तो साध्या कपड्यांत होता, आणि गणवेशाशिवाय तो आणखीच उंच आणि जरासा चुकून लांबल्यासारखा दिसत होता. चपला त्यानं दाराबाहेर अगदी जोडून काढल्या. बस म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर बसला. बायकोनं पाणी आणून दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. एरवी ती अशी थांबत नसे.

"कंपनीनं घरी बसवलंय, सर," तो म्हणाला. "चौकशी होईपर्यंत. रोज ठाण्यावर बोलावतात, बाकावर बसवून ठेवतात. परवा एक हवालदार म्हणाला, तुला देवानं एवढे लांब हात कशाला दिले. मी काय बोलणार?"

"मारणारे सापडले का?"

"एक सापडला. दुसरा कुणाचा तरी भाचा आहे म्हणतात." त्यानं पेला दोन्ही हातांत धरून फिरवला. "पण मलाच जास्त विचारतात, सर. त्या चित्रात मीच दिसतो ना स्पष्ट. त्यांच्या नुसत्या पाठी दिसतात."

मग बायकोनं दारातूनच विचारलं, "ओळखीचा होता का हो तो तुमच्या?"

"रोजचा, बाई. गाठोडं घेऊन आत जायचा, येताना माझा शर्ट घेऊन जायचा. हा बघा, ही इस्त्री त्याचीच." त्यानं स्वतःच्या बाहीकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. "पैसे घ्यायचा नाही. म्हणायचा, तुमची कॉलर नीट असली की माझी जाहिरात होते."

"मग उघडलं का नाही?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सरांनी सांगितलं होतं ना, बाई," लंबू म्हणाला, एखाद्या परगावच्या माणसाला साधी गोष्ट समजावून द्यावी तसा. "गोंधळ बाहेर असला तर आधी फाटक लावायचं. आणि ते आपलं नाही, पोलिसांचं." मग तो फौजदारांकडे वळला. "मला भीती वाटली नाही असं नाही, सर. वाटली. पण भीती मागाहून आली. आधी तुमचं वाक्य आलं. तो म्हणाला दादा उघड, आणि माझ्या डोक्यात अख्खा वर्ग बोलायला लागला. मी तसाच उभा राहिलो. मला वाटलं, फोन तर लागलाय. गाडी निघालीय म्हणाले. आता येतील, आता येतील. मी रस्त्याच्या टोकाकडे बघत होतो, सर. त्याच्याकडे बघत नव्हतो."

फौजदारांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, "तू काही चुकीचं केलं नाहीस."

हे वाक्य किती सहज आलं. जावयाला 'बसा ना' म्हणावं इतकं सहज. लंबूचा चेहरा मात्र ऊन पडल्यासारखा बदलला. "तेवढंच सांगाल का, सर, तिथे? तुम्हालाही बोलावणार आहेत म्हणे. नोकरीचं जाऊ द्या, नोकरी दुसरीकडे मिळेल, उंची कुठे जातेय. पण माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही. शाळेत तिला पोरं फाटक म्हणतात. फाटक आलं, फाटक गेलं. घरी येते, जेवते, माझ्याकडे पाठ करून झोपते. बाप भित्रा नाही, बापानं सांगितलेलं काम केलं, एवढं कुणीतरी वरच्यानं सांगायला हवं. माझ्या सांगण्याला काय अर्थ आहे?"

"सांगेन," फौजदार म्हणाले. "न सांगायला काय झालं? शिकवलं ते मीच."

तो गेल्यावर बायकोनं पेला उचलला. विसळून पालथा घालता घालता तिकडूनच म्हणाली, "खरंच असं शिकवता तुम्ही?"

"तुला नाही कळायचं. कायद्याची बाब आहे."

"मला कायदा नाही कळत," ती म्हणाली. संध्याकाळभर ती घरात नेहमीसारखीच वावरली, पण फौजदारांना सारखं वाटत राहिलं, की ती कुठूनतरी आपल्याकडे बघते आहे. वळून बघावं तर ती कपड्यांच्या घड्या घालत असायची.

मॅनेजरचा फोन सकाळीच आला. आवाजात लोणी होतं. "साहेब, आज तुमचा जबाब आहे ना? काही काळजी करू नका. आपल्या अभ्यासक्रमात दुसऱ्याचा जीव वाचवण्याबद्दलचा भाग आहेच. तुम्ही शिकवताच तो. हो ना?"

"तुम्हीच नको म्हणाला होता."

"मी?" मॅनेजर हसला. "साहेब, मी कशाला नको म्हणेन? उलट मी म्हणतो, पुढच्या वर्षीपासून सगळ्या शाखांचं प्रशिक्षण तुमच्याकडेच द्यावं. बघा, आता वयही झालं, उगाच कोर्टाच्या पायऱ्या कशाला." फोन ठेवल्यावर फौजदारांनी दाढी केली, नीट, दोनदा साबण लावून. जाताना हात आपोआप कपाटाकडे गेला आणि त्यांनी ती जुनी, जवळजवळ खाकी दिसणारी पँट काढली. आरशात बघताना त्यांनी मनात जबाब जुळवला. मी शिकवलं तसंच त्यानं केलं. शिकवण्यात काय राहिलं ते मला ठाऊक आहे. दोन वाक्यं होती. दोन वाक्यं बोलायला असा किती वेळ लागतो?

ठाण्याच्या पायऱ्या चढताना गुडघा दुखला, पण आतला वास आला आणि गुडघा विसरला गेला. ओले बूट, फिनेल, जुने कागद, आणि त्या सगळ्यावर एक शिळा, आंबूस, माणसांच्या घाबरण्याचा वास, जो त्यांना नोकरीत असताना कधीच आला नव्हता. लंबू व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता, गुडघे पार छातीशी आले होते. त्यांना बघून तो उभा राहिला. शेजारचा शिपाई म्हणाला, "ए, बस खाली." तो बसला. फौजदारांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. हलवली असावी.

इन्स्पेक्टर खुर्चीवरून उठून पुढे आला. हा कधीकाळी त्यांच्या हाताखाली नवखा म्हणून लागला होता, त्यांनीच त्याला पंचनामा लिहायला शिकवला होता. त्यानं वाकून हात जोडले. "साहेब, तुम्ही कशाला आलात, मी घरी माणूस पाठवला असता." आणि दाराकडे बघून, "चहा आण रे. कपबशीत आण, साहेब बशीतून घेतात." हे त्याच्या लक्षात होतं. फौजदारांच्या डोळ्यांत टचकन पाणी येईल की काय असं वाटलं, आणि ते त्यांनी टेबलावरच्या काचेखालच्या नकाशाकडे बघून घालवलं. आत येणारा प्रत्येक शिपाई त्यांना सलाम करून जात होता. एकानं तर पाया पडल्यासारखं केलं. बाहेरून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता आणि तो इथे बसल्यावर, पूर्वीसारखाच, पंख्याच्या घरघरीत मिसळून जात होता.

"आपली जरा पंचाईत झालीय, साहेब," इन्स्पेक्टर हळू आवाजात म्हणाला. "त्यानं फोन केला तेव्हा आपली गाडी नव्हती. ती ताफ्यात होती, मोठ्या साहेबांच्या पुढे. फोनवरच्या पोरानं सवयीनं सांगून टाकलं, गाडी निघालीय. आता हे वर्तमानपत्रात आलं, तर आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सध्या लोकांचा राग त्या वॉचमनवर आहे. असू दे ना. त्याला काय होणार? त्याच्यावर गुन्हा नाही, काही नाही. चार दिवस शिव्या खाईल, विसरतील. आपल्याकडे मात्र चौकशी लागली की पोरं घरी बसतील."

आपली. आपल्याला. आपल्याकडे. फौजदार बशीतला चहा फुंकत ते शब्द ऐकत होते. किती वर्षांत हा शब्द त्यांना कुणी असा लावला नव्हता. घरात 'आपल्याला' म्हणजे दूध आणायचं असायचं. इथे त्या शब्दाला खोली होती, भिंती होत्या, दाराशी पहारा होता, आणि त्यात बसायला त्यांच्यासाठी उशीची खुर्ची होती.

"मी त्याला जे शिकवलं..." त्यांनी सुरुवात केली.

"तेच तर. तुम्ही काय शिकवलं असणार ते मला माहीत नाही का? मी तुमच्याच हाताखाली शिकलोय." इन्स्पेक्टरनं समोरच्या टायपिस्टला खूण केली आणि सांगायला लागला, "प्रशिक्षणात आम्ही प्रत्येक रक्षकाला स्पष्टपणे शिकवतो, की समोर कोणाच्या जिवाला धोका असल्यास त्यास वाचवण्यासाठी योग्य ते बळ वापरण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. सदर रक्षकासही तसे शिकवण्यात आले होते. त्याने तसे का केले नाही, हे मी सांगू शकत नाही." बोटं खडखडत होती. "ठीक आहे ना, साहेब? यात खोटं काय आहे? कायदा तर हाच आहे. आणि नाही शिकवलं म्हणालात, तर मग ते शिकवणाऱ्यावर येतं. या वयात ते कशाला?"

फौजदारांना वाटलं, आता बोलावं. वाक्यं तयार होती, दोनच होती. ती त्यांना दाताच्या मागे जाणवत होती, बारीक खड्यांसारखी. पण त्याच वेळी त्यांना असंही दिसत होतं, की ती बोलल्यावर काय होईल. इन्स्पेक्टरचा चेहरा बदलणार नाही. तो अजिबात रागावणार नाही. तो फक्त खुर्चीत मागे टेकेल आणि त्याची नजर त्यांच्यावरून ओघळून जाईल, आणि मग शिपाई म्हणेल, जरा बाहेर बसता का. बाहेर बाक होता. त्या बाकावर लंबूच्या शेजारी जागा होती. त्यांनी ती येताना बघितलेली होती.

"साहेब?"

"चष्मा विसरलो," फौजदार म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशात होता. "कुठे करायची सही?"

इन्स्पेक्टरनं बोट ठेवून दाखवलं. त्यांनी सही केली. पूर्वीसारखीच, खाली जोरदार रेघ ओढून. ती रेघ ओढताना त्यांच्या मनात काहीही नव्हतं, दुखणारा दात काढल्यावर तिथे काही नसतं तसं. जीभ मागाहून तिथे जात राहते, ते त्यांना माहीत होतं. इन्स्पेक्टर दारापर्यंत पोचवायला आला. "येत जा साहेब, अधूनमधून. आपलंच घर आहे." आणि व्हरांड्यात वळून, वेगळ्या आवाजात, "ए लांबड्या, जा तू पण. लागलं तर बोलावू."

लंबू त्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरला. बाहेर भर दुपार होती, डोळे दिपत होते. फाटकापर्यंत तो एक पाऊल मागे चालत राहिला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "सांगितलंत ना, सर?"

फौजदार थांबले नाहीत. "सांगितलं."

"म्हणजे, शिकवलं तसंच केलं म्हणून?"

"सांगितलं रे सगळं. लिहून घेतलं त्यांनी."

फौजदारांनी तिरक्या नजरेनं बघितलं, तर लंबू एका हातानं नाक पुसत होता आणि दुसऱ्या हातानं शर्टाची बाही सरळ करत होता. "आज मुलीला सांगतो," तो जरा वेळानं म्हणाला. "म्हणतो, सर स्वतः ठाण्यात गेले होते. एवढ्या मोठ्या माणसानं सांगितलं." मग, "तुमचे पाय धरले असते, सर, पण तुम्हाला आवडणार नाही."

"नको, नको," फौजदार म्हणाले. "जा आता घरी."

पण तो गेला नाही. बसचा थांबा रस्त्याच्या पलीकडे होता. रस्ता रुंद होता, आणि इथे गाड्यांना थांबवायला काही नव्हतं. त्या एकीमागून एक येतच होत्या, शेपूट न संपणाऱ्या जनावरासारख्या. फौजदारांनी एक पाय खाली टाकला आणि मागे घेतला. परत टाकला. एक मोटार हॉर्न वाजवत इतकी जवळून गेली, की पँटचा पाय फडफडला. गुडघा आता चांगलाच बोलायला लागला होता. पूर्वी ते नुसता हात करत असत.

"थांबा, सर," लंबू म्हणाला.

तो फुटपाथवरून उतरला आणि सरळ रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. अंगावर गणवेश नाही, टोपी नाही, शिट्टी नाही, पायात झिजलेल्या चपला. त्यानं हात वर केला. पहिली गाडी त्याला वळसा घालून शिवी देत निघून गेली. तो हलला नाही. दुसरी करकचून थांबली, त्याच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर. तिच्या मागची थांबली. मग सगळा रस्ताच थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ए, तू कोण रे? पोलीस आहेस का?"

"माणूस चाललाय ना," लंबू म्हणाला. "दिसत नाही का? थांब जरा."

मग तो वळला आणि त्यानं दुसरा हात लांब केला, फौजदारांच्या दिशेनं, अंधाऱ्या जिन्यावर वडीलधाऱ्यांना हात द्यावा तसा. "या सर," तो म्हणाला. "सावकाश या. काही घाई नाही."

एवढ्या गाड्यांच्या काचांतून एवढी माणसं बघत होती. फौजदार रस्त्यावर उतरले, आणि मान खाली घालून, तो हात न धरता, त्याच्या अगदी जवळून पलीकडे गेले.